मुलीची लघवी आणि कंबरेचा मणका: कुणाला अनुभव आहे का?

लेक साडेआठ वर्षांची. चौथ्या वर्षापासून दिवसा-रात्री कोरडी राहायची. गेल्या दिवाळीनंतर पुन्हा चड्डी ओली व्हायला लागली, तीही दिवसा. वाटलं, खेळाच्या नादात दाबून धरत असेल. ओरडलेही तिला, ते आता मनाला लागून राहिलंय. शी तीन-तीन दिवस होत नाही. यंदा उंची भराभर वाढली, आणि संध्याकाळी पाय दुखतात म्हणते.

लघवीत इन्फेक्शन निघालं नाही. मग डॉक्टरांनी तिला पालथी झोपवून कंबर पाहिली. माकडहाडाच्या वर जन्मापासून केसांचा पुंजका आहे. सासूबाई म्हणायच्या, भाग्याची खूण. मीही रोज तेल लावत होते, कधी शंका आली नाही! एक्सरेत एस-१ (कंबरेच्या मणक्यांखालचा पहिला) मणक्याची मागची कमान जुळलेली नाही, रिपोर्टमध्ये 'स्पायना बायफिडा ऑकल्टा'.

हाडांचे डॉक्टर म्हणाले, असं पुष्कळांना असतं, सोडून द्या. बालशल्यचिकित्सक म्हणाले, नुसता एक्सरे असता तर मीही तेच म्हटलं असतं; पण पुंजका, बद्धकोष्ठ आणि नव्याने सुरू झालेली गळती एकत्र आहे, एमआरआय कराच. मज्जारज्जू एरवी कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. हिचा खाली अडकलेला असेल तर उंची वाढताना ताणला जातो, आणि मूत्राशयाच्या नसा (एस-२ ते एस-४) त्याच्या शेपटाकडूनच निघतात.

युरोडायनॅमिक चाचणीही (मूत्राशयातला दाब मोजण्याची) सांगितली आहे. मुलाला फार त्रास होतो का? आणि अडकलेला मज्जारज्जू सोडवायचं ऑपरेशन झालंच तर लघवीवरचा ताबा परत येतो का?

प्रतिसाद १
ताई, माझ्या मुलाचं हे ऑपरेशन सातव्या वर्षी झालं. चाचणीत एक बारीक नळी लघवीच्या वाटेने, एक शीच्या वाटेने घालतात. मूत्राशयात सलाईन भरत दाब मोजतात. मूल जागं लागतं, आम्ही मोबाईलवर कार्टून लावलं. नळी घालतानाच रडला. ऑपरेशनने पायाचं दुखणं गेलं. लघवीचं तितकं नाही, आम्हाला उशीर झाला होता. अजून दिवसातून चार वेळा नळीने मूत्राशय रिकामं करतो. आता स्वतःच करतो, शाळेतही.

प्रतिसाद २
सोनोग्राफीत किडन्या आणि लघवी करून आल्यावर आत किती उरते, तेही पाहून घ्या. लघवी तुंबली, बसायची जागा बधिर झाली किंवा पायातली ताकद गेली, तर तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. सोनोग्राफी उद्याच करते. एमआरआयची तारीख शुक्रवारची मिळाली आहे. प्रतिसाद १, शाळेत नळीसाठी जागा कशी मिळवली, जरा सविस्तर लिहाल का? आमच्या शाळेत मुलींच्या संडासाला कडीसुद्धा नाही.