चाळीतल्या खोलीत पलंग कोणता घ्यावा? मदत हवी आहे

नमस्कार. गिरगावातील चाळीत आमची १८० चौरस फुटांची खोली असून, मोरी, ओटा आणि चार फूट उंचीचा लाकडी पोटमाळा धरून तिच्यात सासूबाई, आम्ही दोघे आणि सातवीतली मुलगी असे चौघे राहतो. मागील महिन्यात आवराआवर करून रद्दी, जुने कपडे आणि रिकामे डबे काढून टाकले. ते सोपे होते.

खरी अडचण गाद्यांची आहे. पलंगाखाली सामान ठेवता यावे म्हणून पेटीचा पलंग करावा असे सुतार सुचवतो. परंतु पश्चिमेकडील भिंतीला पावसाळ्यात ओल येते आणि मागच्या वर्षी भिंतीलगतच्या कपाटातील गोधड्यांना बुरशी लागली होती. आयएस ७१० या भारतीय मानकाचे, म्हणजे मरीन प्लायवूड पाण्याला टिकते हे मला ठाऊक आहे, पण बंद पेटीत हवाच खेळली नाही तर आतल्या कपड्यांचे काय? त्यापेक्षा उंच पायांचा लोखंडी पलंग आणि खाली चाकांचे खोके बरे पडतील का? भिंतीपासून किती अंतर सोडावे?

दुसरे म्हणजे सासूबाईंचे घंगाळ, दोन हंडे आणि पितळी परात. मोडीत काढण्याचा विषय मी काढणार नाही. पोटमाळ्याच्या जुन्या फळ्यांवर भार न टाकता ती कुठे ठेवावीत, हे अशाच खोलीत राहिलेल्यांनी कृपया सांगावे.