न्यू मेक्सिकोतली पडकी मातीची घरं एवढी का ओढ लावतात?

वाटसरू७:
सांता फे ते ताओस रस्त्याने गेलोय, तेव्हापासून ही घरं डोक्यातून जातच नाहीयेत. छप्पर गेलेलं, खिडकीची चौकट तेवढी उभी, भिंतीचे कोपरे गोल झालेले आणि मागे तसल्याच रंगाच्या टेकड्या. सिमेंटचं पडकं घर बघून मला असं कधीच झालं नाही, ते नुसतं भकास वाटतं. हे फक्त तिकडच्या उन्हाचं कौतुक आहे की अजून काही कारण आहे?

मातीकाम:
ऊन आहेच, पण मुख्य म्हणजे माती तिथलीच असते हो. माती, वाळू, गवताची काडी कालवून साच्यात घालायची आणि उन्हात वाळवायची, भट्टी नाहीच, त्यामुळे वीट पडली की पुन्हा मातीच होते आणि अंगणात मिसळते. साधारण 10 बाय 14 बाय 4 इंचाची वीट, भिंती जाड, म्हणून दिवसा आत गारवा आणि रात्री ऊब. घर मरायला लागतं ते छपरापासून. सपाट धाबं, खाली लाकडाचे वासे, पाणी बाहेर टाकायला पन्हळी. धाबं गळायला लागलं की भिंत वरून विरघळते, आणि तळाशी ओल चढून बुडखा कुरतडला जातो. ते गोल कोपरे पावसाने आणि वाऱ्याने घासूनच झालेले असतात.

निळी_खिडकी:
वरच्यांशी सहमत, फक्त एक भर घालते. सिमेंटचा गिलावा मारला की भिंत टिकेल असं लोकांना वाटतं, पण ओल आत अडकते आणि आतल्या आत माती सुटते. रांचोस दे ताओसच्या चर्चवर 1967 मध्ये कडक गिलावा चढवला होता, नुकसान दिसल्यावर 1979 मध्ये काढून परत मातीने लिंपलं, आता गावकरी मिळून लिंपतात.

वाटसरू७:
म्हणजे माणूस हलला की घर संपलंच? मग पडकी घरं तशीच राहू द्यावीत की वाचवावीत?

मातीकाम:
सगळी नाही वाचवता येणार, पण वाचतात. चित्रकार जॉर्जिया ओकीफने 1945 मध्ये तिकडच्याच अबिक्यू गावातलं मोडकळीला आलेलं घर घेतलं, मारिया शाबोने ते उभं केलं आणि 1949 मध्ये ओकीफ तिथे राहायला गेली. आज ते बघता येतं. आणि फोर्ट युनियन या तिकडच्या जुन्या लष्करी ठाण्याला गेला नसाल तर जाच, 1891 मध्ये सैन्य निघून गेलं, आता नुसत्या भिंती आणि धुराडी उरलीत, तिथे भिंतींवर मातीचा हात फिरवत राहतात म्हणून त्या उभ्या आहेत, नवीन बांधकाम काही करत नाहीत, मला हा मार्ग सगळ्यात पटतो.

निळी_खिडकी:
मला ते अबिक्यूचंच जास्त पटतं, राहतं घर ते राहतं घर. बाकी ज्या घरांचं कोणीच उरलं नाही त्यांच्या भिंतीवर चढू नका आणि आठवण म्हणून वीट उचलून आणू नका एवढंच, बऱ्याचदा ती खाजगी जागा असते.