सागवानी दाराची बिजागरी पुन्हा पुन्हा निखळते : खिळा, स्क्रू की बोल्ट?

घरदुरुस्ती (प्रश्न)

रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर आमचे जुने घर आहे. मुख्य दार एका झडपेचे, जड सागवानी असून तीन पितळी बिजागऱ्यांवर लटकते. त्यांपैकी सर्वांत वरची बिजागरी चौकटीपासून गेल्या चार वर्षांत तीनदा निखळली. पहिल्या वेळी जुने लोखंडी स्क्रू मानेपाशी तुटलेले आढळले. दुसऱ्या वेळी मी त्याच भोकांत अडीच इंची खिळे ठोकले, पण ते दोन पावसाळेही टिकले नाहीत. तिसऱ्या वेळी जिप्समच्या छतासाठी आणलेले काळे स्क्रू उरले होते, ते ड्रिल मशीनने बसवू लागलो, तर दोघांची डोकी तिथल्या तिथे उडाली.

दुकानात गेल्यावर गोंधळ आणखी वाढला. स्क्रूच्या डब्यावर ‘३५ × ८’ असे छापले होते, परंतु स्क्रू ८ मि.मी. जाड मुळीच नव्हता. खिळ्यांच्या बाबतीत १२ गेजचा खिळा ८ गेजपेक्षा बारीक निघाला. आता या जागी नेमके काय वापरावे, आणि आरपार नट-बोल्ट घालणे हाच कायमचा उपाय आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सुतारपक्षी

आपल्या तिन्ही प्रयत्नांत जोर कोणत्या दिशेने येतो हा विचार राहून गेला आहे. झडपेचे वजन तिला खाली ओढतेच, शिवाय वरच्या बिजागरीपाशी बाहेर खेचते आणि खालच्या बिजागरीपाशी चौकटीवर दाबते. दार ३५ किलोचे, ९० सें.मी. रुंद आणि वरच्या-खालच्या बिजागऱ्यांतील अंतर दीड मीटर धरले, तर वरची बिजागरी सतत सुमारे साडेदहा किलोच्या जोराने ओढली जाते. दार बंद असताना ही ओढ चौकटीतल्या स्क्रूच्या नेमक्या लांबीच्या दिशेने, म्हणजे त्याला उपटण्याच्या दिशेने असते. दार काटकोनात उघडले की तीच ओढ त्याच स्क्रूवर आडवी येते. एखादे वीस किलोचे मूल कडीला लोंबकळले, तर ती दुपटीहून अधिक होते. (आमच्या लहानपणी हा खेळ घरोघरी चाले, आणि सुतारांचे त्यावर बरे चालत असे.)

खिळा लाकडात टिकतो तो निव्वळ घर्षणावर. तो शिरताना लाकडाचे तंतू बाजूला दाबले जातात, ते मूळ जागी येऊ पाहतात आणि त्याला आवळून धरतात. कोकणात लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि प्रत्येक फेऱ्यात ही पकड थोडी सैल होत जाते. स्क्रूचे आटे मात्र तंतूंमध्ये रुतून बसतात, त्यामुळे तो उपटायचा तर आट्यांमधले लाकूडच फाटावे लागते. म्हणून बिजागरीला खिळा कधीही वापरू नये.

याचा अर्थ खिळा कमी प्रतीचा, असा मात्र घेऊ नका. वाशांवर रिपा ठोकताना कौलांचा भार खिळ्यावर मुख्यतः आडवा येतो. तिथे साधा लोखंडी खिळा वाकतो, पण सहसा तुटत नाही. आपले काळे स्क्रू याच्या उलट स्वभावाचे आहेत. त्यांचे पोलाद मुद्दाम कडक केलेले असते, त्यामुळे जिप्सम बोर्डात ते झपाट्याने शिरतात, परंतु सागात पीळ वाढला की न वाकता तुटतात. शिवाय त्यांच्या डोक्याची खालची बाजू कर्ण्यासारखी वळलेली असते, ती बिजागरीच्या सरळ उताराच्या खळगीत नीट बसतच नाही.

माझा सल्ला असा की जुनी भोके साफ करून त्यांत सागाची गोल खुंटी फेव्हिकॉल लावून ठोकावी, एक पूर्ण दिवस वाळू द्यावी आणि मग बारीक भोक पाडून नवा स्क्रू बसवावा.

अडीचसूत

आकड्यांच्या गोंधळाबद्दल लिहितो, कारण कारखान्यात नव्या मुलांना शिकवताना हाच प्रश्न दरवर्षी येतो. ‘३५ × ८’ यातील ३५ ही मिलिमीटरमधील लांबी आहे, तर ८ हा जाडीचा जुना इंग्रजी नंबर आहे. नंबराला ०.०१३ ने गुणून त्यात ०.०६ मिळवले की दांड्याची जाडी इंचांत मिळते. त्यानुसार ८ नंबर म्हणजे सुमारे ४.२ मि.मी. आणि १० नंबर म्हणजे ४.८ मि.मी. होतात. खिळ्याचा गेज तारेच्या मापाचा आहे आणि तो उलटा चालतो, कारण तार जितक्या वेळा ओढून बारीक करावी तितका आकडा वाढत जातो. ८ गेजची तार ४.०६ मि.मी., तर १२ गेजची २.६४ मि.मी. असते. स्क्रूचा नंबर वाढला की जाडी वाढते आणि खिळ्याचा वाढला की घटते, एवढे ध्यानात ठेवल्यास दुकानात फसगत होणार नाही.

आरपार बोल्ट बिजागरीला व्यवहार्य नाही, कारण चौकटीची मागची बाजू भिंतीत असते आणि तिथे नट आवळायला हात पोहोचत नाही. कडी-कोयंड्याला मात्र तो अवश्य घाला. त्यासाठी गोल डोक्याचा आणि चौकोनी मानेचा बोल्ट मिळतो. त्याची मान लाकडात रुतून बसते आणि बाहेरून पाना लावायला काहीच उरत नाही, म्हणून चोरालाही तो फिरवता येत नाही. बोल्ट व नट एकाच दुकानातून, एकाच मापपद्धतीचे घ्या. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणून ‘अडीच सुती’ बोल्ट ७.९४ मि.मी. भरतो आणि ८ मि.मी.च्या मेट्रिक बोल्टासारखाच दिसतो. परंतु त्याच्या जाड आट्यांमधील अंतर १.४१ मि.मी. आणि मेट्रिकचे १.२५ मि.मी. असते. एकाचा नट दुसऱ्यावर एक-दोन वेढे फिरतो, मग अडकतो आणि जोर केल्यास दोघांचेही आटे जातात.

आपले पहिले स्क्रू का तुटले, याचे कारण मला गंजात दिसते. पितळ आणि लोखंड एकमेकांना टेकलेले असतील आणि त्यांवर खारट ओल बसत असेल, तर लोखंड पितळेपायी झिजते. पितळी पत्रा मोठा आणि लोखंडी स्क्रू लहान असल्यामुळे ही झीज अधिकच वेगाने होते. पितळी बिजागरीला भरीव पितळी स्क्रूच घ्यावेत. पितळी मुलामा दिलेले लोखंडी स्क्रूही सर्रास विकले जातात, म्हणून खिशात लहानसे चुंबक ठेवा. त्याला चिकटला तर तो स्क्रू परत करा.

घरदुरुस्ती

चुंबकाची परीक्षा लगेच करून पाहिली. बिजागऱ्या भरीव पितळेच्या निघाल्या, पण जुन्या स्क्रूचे उरलेले तुकडे सर्वच्या सर्व चिकटले. सुतारपक्षी यांनी सुचवलेली खुंटी बसवून पितळी स्क्रू लावावेत, असे मनाशी ठरवले आहे. पितळ मऊ असल्यामुळे स्क्रू पिळताना तुटतील, अशी भीती वाटते.

जुनाहात

खुंटीबद्दल थोडा मतभेद नोंदवतो. गोल खुंटीचे रेषे तिच्या लांबीच्या दिशेने असतात, त्यामुळे तिच्यात बसवलेला स्क्रू रेषांना समांतर जातो. अशा ठिकाणी आटे तंतूंना आडवे कापतात, आट्यांमध्ये तंतूंचे तोकडे तुकडेच उरतात आणि पकड बरीच कमी होते. त्यापेक्षा भोक मोठे व चौकोनी करून, चौकटीच्या रेषांशी जुळणाऱ्या रेषांचा सागाचा तुकडा चिकटवावा. पटाशीचे काम थोडे वाढते, पण स्क्रू तंतूंच्या आडवा बसतो. चौकट पुरेशी जाड असल्यास ३५ ऐवजी ५० मि.मी. लांबीचा स्क्रू घ्या, म्हणजे त्याचे टोक तुकडा ओलांडून मूळच्या शाबूत लाकडात शिरेल.

पितळ तुटण्याची भीती रास्त आहे. १० नंबरच्या स्क्रूसाठी सागात सुमारे ३ मि.मी.चे भोक पाडावे आणि त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आधी पूर्ण बसवून काढून घ्यावा, म्हणजे लाकडात आटे त्याने पाडलेले असतील. मग पितळी स्क्रूच्या आट्यांवर मेणबत्ती घासून तो हाताने पिळावा, यंत्राने नव्हे. त्याच्या डोक्यावरची खाच बहुधा सरळ असते, तेव्हा स्क्रू ड्रायव्हरचे पाते त्या खाचेत पूर्ण रुंदीने बसणारे घ्या. आणि हे सगळे करताना झडपेखाली पाचरी सारून तिचे वजन उचलून धरा, नाहीतर पहिला स्क्रू पिळत असतानाच सगळा भार त्या एकट्यावर येईल.