बेलिचिक आता शुलाचा ३४७ विजयांचा रेकॉर्ड मोडेल का?

उसगावकर_बॉस्टन

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारतोच. इथे अमेरिकन फुटबॉल बघणारे थोडे आहेत पण जे आहेत ते पक्के आहेत. डॉन शुलाच्या नावावर एनएफएलमध्ये (अमेरिकेतली व्यावसायिक फुटबॉल लीग) हेड कोच म्हणून प्लेऑफ (सीझननंतरचे बाद फेरीचे सामने) धरून ३४७ विजय, आणि बिल बेलिचिक ३३३ वर अडकून बसलाय. म्हणजे बरोबरीला १४ आणि मोडायला १५. पूर्वी हा एका सीझनचा हिशोब होता त्याच्यासाठी! पण जानेवारी २०२४ मध्ये आमच्या बॉस्टनकडची पेट्रियट्स टीम सुटली, मग वर्षभर टीम नाही, मग नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाची कॉलेज टीम घेतली आणि तिथे २०२५ मध्ये ४-८, म्हणजे ४ विजय आणि ८ पराभव. कॉलेजचे विजय यात धरतच नाहीत. वय एप्रिल २०२६ मध्ये ७४.

मी इकडे आलो तेव्हा या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, ऑफिसमधल्या एकाने जेवणाच्या सुट्टीत पेपर नॅपकिनवर रेघा मारून चार डाउन आणि दहा यार्ड समजावले होते. तेव्हापासून बाह्या कापलेला तो राखाडी हूडी बघतोय, त्यामुळे मला मनापासून वाटतं की त्याने मोडावा. तुम्हाला काय वाटतं, बोलावेल का कोणी परत?

कडक_कॉफी

नाही मोडणार. वाईट वाटतं लिहिताना पण नाही.

वय हे एक कारण झालं. लास वेगासने पीट कॅरोलला ७३ व्या वर्षी आणलं, २०२५ चा सीझन ३-१४ गेला आणि एका वर्षात नारळ दिला, ते बघून आता कुठला मालक सत्तरीपुढच्या कोचसाठी पैसे काढेल? पण खरं कारण वेगळंय. क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) टॉम ब्रेडी पेट्रियट्स सोडून गेल्यावरचे चार सीझन बघा, ७-९, १०-७, ८-९, ४-१३. बेरीज २९-३८. ब्रेडीशिवाय शून्य असं म्हणणाऱ्यांतला मी नाही, डिफेन्स शेवटपर्यंत चांगलाच होता, पण खेळाडू निवडायचे, ड्राफ्ट (कॉलेजमधून नवे खेळाडू घेणं) करायचा, ऑफेन्सचे कोच ठरवायचे हे सगळं त्याच्याच हातात होतं आणि तिथेच चुकत गेलं. २०२२ मध्ये तर बरीच वर्षं डिफेन्स शिकवलेल्या माणसाच्या हातात ऑफेन्सचे प्ले कॉल (कुठली चाल खेळायची ते ठरवणं) दिले! मालकांना भीती बसली ती याची. पेट्रियट्स सुटल्यावर फक्त अटलांटाने मुलाखतीला बोलावलं, दोनदा, आणि घेतलं दुसऱ्याला.

मायामीवाले_काका

मी इथे १९८८ पासून आहे, त्यामुळे शुलाबद्दल दोन शब्द लिहितो. बेलिचिक थोर आहे, सहा सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) कोणी काढून घेऊ शकत नाही. पण ३४७ हा आकडा कसा उभा राहिलाय ते बघा. शुला १९६३ मध्ये बाल्टिमोरचे कोच झाले तेव्हा वय ३३, पुढे आमच्या मायामी डॉल्फिन्सकडे आले आणि थांबले १९९५ च्या सीझननंतर. ३३ सीझन! त्यातले पहिले १५ सीझन १४ मॅचेसचे होते, आता १७ असतात. मधे दोन वेळा खेळाडूंच्या संपामुळे मॅचेस कमी झाल्या, १९८२ मध्ये तर फक्त ९. एवढं असून जिंकल्यापेक्षा हरल्या जास्त असे सीझन दोनच, १९७६ आणि १९८८. म्हणजे मी आलो नेमका त्या वर्षी!

नोव्हेंबर १९९३ मध्ये जॉर्ज हॅलसचा ३२४ चा रेकॉर्ड मोडला ती फिलाडेल्फियाविरुद्धची मॅच मी टीव्हीवर बघितली. आमच्या पहिल्या क्वार्टरबॅकची, मरिनोची, टाच महिन्याभरापूर्वीच गेलेली, दुसरा क्वार्टरबॅक मिचेल त्याच मॅचमध्ये खांदा धरून बाहेर, आणि आत आला तिसरा, डग पेडरसन. मी उभा राहूनच बघत होतो, सौ. म्हणाली अहो बसा तरी. १९-१४ ने जिंकलो. पोरांनी शुलांना खांद्यावर घेतलं, ते अजून डोळ्यासमोर आहे.

आणि गंमत बघा, हाच पेडरसन १९९९ मध्ये फिलाडेल्फियात कोच अँडी रीडचा पहिला क्वार्टरबॅक, आणि हाच पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याच फिलाडेल्फिया ईगल्सचा कोच म्हणून बेलिचिकला सुपर बोलमध्ये ४१-३३ ने हरवून गेला.

कॅन्ससची_माहेरवाशीण

काका, रीडचं नाव तुम्हीच काढलंत ते बरं झालं, मी तेच लिहायला आले होते. सगळे बेलिचिकचे १५ मोजतायत पण जो आज एनएफएलमध्ये रोज कामावर जातोय तो आमचा रीड आहे. फिलाडेल्फियात १४ सीझन, २०१३ पासून इथे कॅन्सस सिटीत, दोन वेगवेगळ्या टीमसोबत शंभरावर विजय असलेला तो एकटाच कोच. २०२४ अखेर ३०१ होते. २०२५ वाईट गेलं, ६-११, त्यात डिसेंबरमध्ये आमचा क्वार्टरबॅक माहोम्स, त्याचा गुडघा गेला, आमच्या घरी त्या रात्री कोणी नीट जेवलं नाही. तर आता ३०७. मोडायला ४१ लागतात. प्लेऑफ धरून वर्षाला ११ पकडले तरी चार सीझन, तेव्हा तो ७१ चा असेल. बेलिचिक २०२३ मध्ये ७१ चाच होता ना?

सगळं त्या गुडघ्यावर आहे. तो नीट बरा झाला तर माझी खात्री आहे, नाही झाला तर अवघड.

कडक_कॉफी

ताई, हिशोब पटला. फक्त वर्षाला ११ आता धरवत नाहीत, मी ९-१० धरेन, म्हणजे पाच सीझन. पण टीम हातात आहे, मालकाचा विश्वास आहे, हे बेलिचिककडे नाही.

उसगावकर_बॉस्टन

काका, पेडरसनचं माहीत नव्हतं, लेकाला वाचून दाखवलं.

मीही आता मान्य करतो, अवघड आहे. ७ जानेवारी २०२४ ला फॉक्सबरोत मी आणि लेक पेट्रियट्सच्या स्टेडियममध्ये होतो. बर्फ इतका की यार्डांच्या रेघा झाडून काढत होते, न्यूयॉर्क जेट्सकडून १७-३ ने हरलो, आणि आधीच्या सलग १५ मॅचेस त्यांना हरवलेलं होतं हो आपण! मॅच संपल्यावर लोक निघायला तयार नव्हते, हातमोज्यांतल्या टाळ्यांचा तो थप थप आवाज येत होता. बेलिचिक हात मिळवून खाली मान घालून बोगद्यात गेला. लेकाने विचारलं, बाबा, पुढच्या वर्षी पंधरा होतील ना? मी हो म्हटलं होतं.

ताई, सप्टेंबरपासून रीडचे आकडे इथेच टाकत जा, प्रत्येक मॅचनंतर.