हार्मोनची इंजेक्शने थांबून वर्ष उलटले, तरी अंगातून वाफा का येतात?

नाशिककर (प्रश्न)

माझे वय ७१ आहे. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी मला रेडिएशन देण्यात आले आणि त्याच्या जोडीने दोन वर्षे दर तीन महिन्यांनी ल्युप्रोलाइडचे इंजेक्शन चालू होते. शेवटचे इंजेक्शन घेतल्याला आता वर्ष उलटले आहे. पीएसए (प्रोस्टेट ग्रंथी बनवते ते, रक्तात मोजले जाणारे प्रथिन) ०.१ च्या खाली आहे आणि डॉक्टर समाधानी आहेत. मात्र उपचार चालू असताना सुरू झालेल्या गरम वाफा अजून थांबलेल्या नाहीत. छातीपासून मानेकडे आणि चेहऱ्याकडे उष्णता चढते, काही मिनिटांत बनियन भिजते आणि घाम वाळला की थंडी वाजू लागते. रात्री हे अनेकदा होते, त्यामुळे माझी आणि पत्नीची, दोघांचीही झोप मोडते. घरच्यांनी सब्जा, गुलकंद, धने-जिऱ्याचे पाणी हे सारे मनापासून केले, पण फरक पडला नाही. डॉक्टरांनी ‘हळूहळू जाईल’ एवढेच सांगितले.

इंजेक्शनांचा परिणाम इतके दिवस टिकतो का, आणि वाफांवर औषध घेतल्यास कर्करोग पुन्हा डोके वर काढेल का, हे मला जाणून घ्यायचे आहे. हा त्रास बायकांना पाळी जाताना होतो अशीच सर्वांची समजूत असल्याने मित्रमंडळींत त्याविषयी बोलणेही अवघड जाते.

निवृत्त परिचारिका, पुणे

काका, नमस्कार. मी बरीच वर्षे कर्करोग विभागात काम केले आहे आणि हा प्रश्न तिथे पुरुष रुग्ण सहसा दाराशी थांबून, निघता निघता विचारत असत. आपण तो इतक्या स्पष्टपणे मांडलात, हे फार चांगले केलेत.

परिणाम इतके दिवस टिकतो का? होय, टिकू शकतो. तीन महिन्यांचे इंजेक्शन तीन महिन्यांनी संपते हा हिशोब औषधापुरता ठीक आहे, शरीरापुरता नाही. ल्युप्रोलाइड मेंदूतील पिट्युटरी ग्रंथीला गप्प करते, ती गप्प झाली की वृषणांना मिळणारा संदेश थांबतो आणि टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन जवळजवळ नाहीसे होते. औषध उतरल्यावर ही सारी साखळी पुन्हा जागी व्हावी लागते, आणि वय सत्तरीपुढे असेल, इंजेक्शने दीर्घकाळ चालली असतील किंवा मुळात टेस्टोस्टेरॉन कमी असेल, तर त्याला वर्षाहूनही अधिक काळ लागतो. काही पुरुषांमध्ये ते पूर्वपदावर येतच नाही. पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचा काही भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलत असतो, म्हणून एक कमी झाले की दुसरेही घटते. मग मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातील तापमान सांभाळणारे केंद्र इतके हळवे होते की अंगाचे तापमान किंचित वाढले तरी ते रक्तवाहिन्या रुंदावते आणि घाम सोडते. आपल्याला जाणवणारी वाफ ती हीच. पोटात गुलकंद घेऊन ती थांबत नाही, याचे कारण ती पोटातल्या उष्णतेची नसतेच.

म्हणून केवळ वाट पाहण्यापेक्षा, सकाळी दहाच्या आत रक्त देऊन टेस्टोस्टेरॉन आणि एलएच (पिट्युटरी वृषणांना संदेश म्हणून पाठवते ते हार्मोन) या दोन्ही तपासण्या करून घ्याव्यात, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. दोन्ही कमी असतील तर पिट्युटरी अजून दबलेली आहे. एलएच वाढलेले आणि टेस्टोस्टेरॉन कमी असेल तर संदेश पोहोचतो आहे, पण वृषणे प्रतिसाद देत नाहीत, आणि अशा वेळी आपोआप सुधारण्याची आशा कमी राहते. टेस्टोस्टेरॉन डेसीलिटरला ५० नॅनोग्रॅमच्या खाली असेल, तर औषध बंद असूनही शरीर उपचार चालू असल्यासारखेच वागते आहे असे समजावे.

वाफांवर औषधे आहेत. व्हेन्लाफॅक्सिन, गॅबापेन्टिन, मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन आणि सायप्रोटेरॉन यांचा वापर होतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात शेवटची दोन औषधे व्हेन्लाफॅक्सिनपेक्षा अधिक गुणकारी ठरली. परंतु ही दोन्ही हार्मोनची औषधे आहेत आणि ती पिट्युटरीला पुन्हा दाबतात. ज्याचे शरीर इंजेक्शनांतून सावरू पाहते आहे, त्याने आधी बिगरहार्मोन औषधांचा विचार करावा, असे माझे मत आहे. त्यांनाही मर्यादा आहेतच: व्हेन्लाफॅक्सिनने रक्तदाब वाढू शकतो आणि ते एकाएकी बंद करता येत नाही, तर गॅबापेन्टिनने चक्कर येऊ शकते. दोन वर्षांच्या इंजेक्शनांनी हाडे ठिसूळ झालेली असण्याचा संभव असल्याने रात्री उठताना पडणे आपल्याला परवडणारे नाही. हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्या.

सोलापूरची लेक

माझ्या बाबांचेही हेच उपचार झाले होते. इंजेक्शने थांबल्यावर दिवसाच्या वाफा कमी होत गेल्या, पण पहाटेचा घाम तसाच राहिला आणि आम्ही तो इंजेक्शनांच्याच खात्यावर टाकत राहिलो. त्यांना मधुमेह आहे आणि ते ग्लिमेपिराइडची गोळी घेतात. एका पहाटे घाम आलेला असतानाच ग्लुकोमीटरवर साखर पाहिली, तर ती खूप खाली गेलेली होती. डॉक्टरांनी गोळीची मात्रा बदलल्यावर तो घाम थांबला. काका, आपल्याला मधुमेह असल्यास ही खात्री जरूर करून घ्यावी. घामासोबत संध्याकाळी बारीक ताप, खोकला किंवा वजनात घट असेल तर क्षयरोगाची तपासणी आणि एरवीही थायरॉइडची तपासणी करावी, असे आम्हाला त्या वेळी सांगण्यात आले होते.

लेस्टरवासी

मी इंग्लंडमध्ये असतो आणि माझीही इंजेक्शने झाली आहेत. येथे गोळ्यांच्या बरोबरीने मनाच्या प्रशिक्षणाचा एक उपाय आहे, त्याला सीबीटी म्हणतात. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी प्रोस्टेटच्या रुग्णांवर त्याची चाचणी घेतली, तिचे नाव मॅनकॅन. पुस्तिका आणि ध्वनिमुद्रणाच्या आधारे रुग्ण घरच्या घरी ते करतात. वाफ येऊ लागताच घाबरून जाण्याऐवजी श्वास संथ करायचा, ‘सर्वजण माझ्याकडेच पाहत आहेत’ हा विचार तपासून पाहायचा आणि रात्री जाग आल्यावर चिडचिड न करता पुन्हा झोपेकडे वळायचे, असा तो अभ्यास आहे. वाफ त्याने नाहीशी होत नाही, पण तिचा जाच खरोखर कमी होतो. रात्रीचे मद्य, तिखट जेवण आणि झोपण्याआधीचा कडक चहा सोडल्याचा मला उपयोग झाला. सुती कपडे आणि एका जाड पांघरुणाऐवजी दोन पातळ पांघरुणे हेही करून पाहावे.

नाशिककर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. मला मधुमेह नाही, ताप किंवा खोकलाही नाही. दोन्ही रक्ततपासण्या मी डॉक्टरांना विचारून करून घेतो. एका परिचिताने अश्वगंधा सुचवली आहे, ती घ्यावी का? शिवाय टेस्टोस्टेरॉन परत आले तर पीएसएचे काय होईल, ही धास्ती मनातून जात नाही.

निवृत्त परिचारिका, पुणे

अश्वगंधा सध्या स्वतःहून घेऊ नका. काही छोट्या अभ्यासांत तिने टेस्टोस्टेरॉन वाढल्याचे दिसले आहे, त्यामुळे कर्करोगतज्ज्ञांच्या संमतीशिवाय ती आपल्यासाठी योग्य नाही.

पीएसएविषयी सांगायचे तर, रेडिएशननंतर प्रोस्टेट ग्रंथी शरीरातच असते. टेस्टोस्टेरॉन परतू लागले की तिच्या निरोगी पेशीही थोडे पीएसए बनवू लागतात. तेवढ्याने कर्करोग परतला असे डॉक्टर मानत नाहीत. पीएसए ज्या नीचांकाला पोहोचले होते त्याहून २ नॅनोग्रॅमने वर गेले, तर रोग परतल्याची शंका घेण्याचा निकष रेडिएशनच्या रुग्णांसाठी ठरलेला आहे. आपल्या बाबतीत नीचांक ०.१ च्या खाली आहे, म्हणजे उद्या आकडा ०.३ दिसला तरी लगेच घाबरण्याचे कारण नाही. मात्र तो कसा बदलतो आहे हे पाहण्यासाठी प्रत्येक वेळी पीएसएसोबत टेस्टोस्टेरॉनही मोजून घ्या आणि शक्यतो दोन्ही एकाच प्रयोगशाळेतून करा.

व्हेन्लाफॅक्सिन आणि गॅबापेन्टिन ही दोन्ही औषधे टेस्टोस्टेरॉन वाढवत नाहीत, त्यामुळे त्यांनी कर्करोगाला खतपाणी मिळेल ही भीती बाळगू नका. पुढच्या भेटीला जाताना वाफा कधी आणि किती वेळा येतात याची आठवडाभराची नोंद आणि चालू असलेल्या सर्व गोळ्यांची यादी सोबत न्या, आणि शक्य असल्यास काकूंनाही बरोबर घेऊन जा, कारण रात्रीचा त्रास त्या आपल्यापेक्षा अधिक स्पष्ट सांगू शकतील.