प्रतिसाद : आमची सॅन स्टॉर्म कुणाला आठवली नाही?

जग्वार ई-टाइप (१९६१) ते लॅम्बोर्गिनी मिउरा (१९६६) हा स्पोर्ट्स कारच्या चर्चेत वर मांडलेला प्रवास आवडला. मिउराचं व्ही-१२ (बारा सिलिंडरचं) इंजिन सीटमागे आडवं बसवलं, ते वळण मोठंच. पण 'शंभर अश्वशक्तीच्या आतली कसली स्पोर्ट्स कार?' हे चर्चेतलं मत काही पटलं नाही. १९४५ ची ब्रिटिश एमजी टीसी घ्या. १२५० सीसी, ५४ अश्वशक्ती! तरी अमेरिकेला दोन सीटच्या उघड्या गाडीचं वेड लावलं ते तिनेच. १९६२ च्या लोटस एलाननेही वजन घटवूनच बाजी मारली: मधोमध पोलादी कणा, वर फायबरची (काचतंतू आणि रेझिनची) बॉडी. १९८९ ची माझदा एमएक्स-५ तिचीच वारसदार.

आणि गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म? छप्पर काढता येणारी, दोन सीटची, फायबर बॉडीची, साधारण ६० अश्वशक्तीचं रेनोचं इंजिन. आमच्या मामांकडे एक होती. एकदा रिव्हर्स घेताना माडाला धडकली, मागचा कोपरा फुटला. गॅरेजवाल्याने हात वर केले. शेवटी पणजीसमोरच्या बेतीला फायबरच्या होड्या दुरुस्त करणाऱ्याला गाठलं. त्याने तडा घासला, आतून काचतंतूंची मॅट लावून रेझिन चोपडलं. म्हणतो कसा, "पात्रांव, ही गाडी न्हय, व्हडें!" (मालक, ही गाडी नव्हे, होडी!)

वेग बेताचाच होता, कबूल. पण मांडवी पुलावरून संध्याकाळी छप्पर काढून जाताना स्पीडोमीटरकडे बघतंय कोण? पावसाळ्यात मात्र मांडीवर टॉवेल लागायचा.