योसेफाचे मौन आणि योसेफाचे नीतिमत्त्व: गप्प राहणे म्हणजेच आज्ञापालन का?

प्रश्न

ख्रिस्तामध्ये सर्वांना सप्रेम सलाम. आमच्या मंडळीचे हिशेब तपासण्याचे काम माझ्याकडे आहे. बांधकाम निधीच्या तीन महिन्यांच्या पावत्या सापडत नाहीत, ही गोष्ट मी पंचांच्या सभेत मांडली, तेव्हा एका ज्येष्ठ पंचांनी मला सांगितले की, मरीयेचा पती योसेफ याच्याकडे पाहा. चारही शुभवर्तमानांत त्याच्या तोंडचा एक शब्द नाही, तरी पवित्र शास्त्र त्याला नीतिमान म्हणते. त्या दिवसापासून हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. मला वाद वाढवायचा नाही, पण देवाची आज्ञा मुकाट्याने पाळणे आणि माणसांच्या चुकीपुढे मुकाट्याने बसणे ही एकच गोष्ट आहे का, हे मला मनापासून समजून घ्यायचे आहे.

पहिला प्रतिसाद

भाऊ, मी वसईची कॅथलिक आहे, आणि १९ मार्चचा संत योसेफाचा सण आमच्या घरी लहानपणापासून पाळला जातो, म्हणून लिहिण्याचे धाडस करते. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातले १९ वे वचन सावकाश वाचा. त्या काळच्या यहुदी रीतीप्रमाणे वाग्दान झाले की स्त्री कायद्याने पत्नीच ठरत असे आणि ते बंधन तोडायला सूटपत्र (घटस्फोटाचे लेखी पत्र) लागत असे. वाग्दत्त स्त्रीच्या व्यभिचाराला जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २२ व्या अध्यायात धोंडमाराची शिक्षा सांगितली आहे. मरीया गरोदर असल्याचे योसेफाला कळले, पण ते पवित्र आत्म्याकडून आहे हे देवाच्या दूताने स्वप्नात येऊन अजून सांगितले नव्हते. अशा वेळी चारचौघांत तिच्यावर आरोप ठेवून स्वतःचे नाव स्वच्छ ठेवणे त्याला सहज शक्य होते. त्याने तिला गुप्तपणे सोडण्याचे ठरवले.

हे वचन वाचताना आपण मनातल्या मनात एक ‘पण’ घालतो, म्हणजे तो नीतिमान होता, पण दयाळूही होता. मूळ ग्रीक वाक्यात तिथे ‘आणि’ आहे: नीतिमान आणि तिची बेअब्रू न इच्छिणारा. मला तर वाटते की मत्तयाला नीतिमत्त्व आणि दया यांत विरोध दिसतच नाही. शिवाय योसेफाला नीतिमान म्हटले आहे ते स्वप्न पडण्याच्या आधी, दूताची आज्ञा यायच्याही आधी. त्याच्या मौनाने जिच्या जिवाला धोका होता तिचे रक्षण झाले. तुम्हाला जे मौन पाळायला सांगितले जात आहे, त्याने कोणाचे रक्षण होणार आहे, एवढाच प्रश्न त्या पंचांना नम्रपणे विचारावा.

दुसरा प्रतिसाद

ताईंनी मर्म सांगितले आहे. मी निवृत्त पाळक आहे. त्यात थोडी भर घालतो. योसेफाचे शब्द शास्त्रात नाहीत, परंतु त्याची पावले आहेत. मत्तयाने त्याची चार स्वप्ने सांगितली आहेत आणि प्रत्येक वेळी तो उठतो आणि सांगितल्याप्रमाणे करतो. हेरोद राजा बाळाचा जीव घेऊ पाहत होता म्हणून मिसरला (इजिप्तला) निघाला तेव्हा तर त्याने सकाळचीही वाट पाहिली नाही, रात्रीच बाळाला व त्याच्या आईला घेऊन निघाला. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा पिता जखऱ्या हाही लूकाच्या शब्दांत नीतिमानच, पण त्याने गब्रिएल दूताकडे खूण मागितली आणि त्याची वाचा गेली. योसेफाने खूण मागितल्याचे कोठेच लिहिलेले नाही.

तरीही हे आज्ञापालन डोळे मिटून केलेले नव्हते. हेरोद मेल्यावर तो इस्राएल देशात परतला, पण यहुदीयात अर्खेलाव बापाच्या जागी राज्य करतो आहे हे ऐकून तो तिकडे जायला भ्याला. मग स्वप्नात सूचना मिळाल्यावर गालीलात गेला आणि नासरेथात राहिला. म्हणजे देवापुढे मौन ठेवणाऱ्या या सुताराने सत्ताधाऱ्याच्या दुष्टपणाकडे काणाडोळा केला नाही. अन्याय झाकण्यासाठी त्याचे नाव पुढे करणे मला फार क्लेश देते.

एक सावधगिरी मात्र हवी. आपण बोललो म्हणून नीतिमान ठरलो, असेही मनात येऊ देऊ नका. अब्राहामाचा विश्वास त्याच्या बाजूने नीतिमत्त्व म्हणून गणला गेला, हे प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात सांगितले आहे, आणि आपले बोलणे त्या विश्वासातून निघाले पाहिजे.

तिसरा प्रतिसाद

भाऊ, एक विचारतो, राग मानू नका. सभेत मांडण्याआधी तुम्ही खजिनदारांना एकट्याने भेटला होता का? मत्तय १८:१५-१७ मध्ये प्रभूने क्रम घालून दिला आहे: आधी दोघांनीच एकांतात, ऐकले नाही तर आणखी एकदोघांना बरोबर घेऊन, आणि मगच मंडळीपुढे. योसेफाच्या ‘गुप्तपणे’ या शब्दाचा तुमच्यासाठी अर्थ इथे असावा असे मला वाटते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

नाही, भेटलो नव्हतो. पावत्या दिसल्या नाहीत आणि मी थेट सभेतच बोललो. त्या वेळी त्यांचा चेहरा कसा उतरला होता, ते मला आता आठवते. शनिवारी संध्याकाळी हिशेबाची वही घेऊन मी एकटाच त्यांच्या घरी जाणार आहे आणि आधी त्यांची क्षमा मागणार आहे. पावत्यांची चौकशी मात्र सोडणार नाही. कृपया आम्हा दोघांसाठीही प्रार्थना करा.